घरांतील समुद्राचा तळ

आमच्या शाळेच्या विज्ञानखोलींत खाऱ्या पाण्याची एक कांचेची टांकी आहे. पालकसभेच्या दिवशीं तिच्यापुढें नेहमीं गर्दी होते. निळसर उजेडांत डोलणारीं मऊ प्रवाळें, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारे दोन विदूषकमासे, आणि वाळूंतून अवचित सोंड बाहेर काढणारे शंख पाहून मुलें हरखून जातात, आणि दोनचार पालक तरी मला बाजूस घेऊन विचारतात, "सर, अशी टांकी घरीं करावयाची तर कोणते मासे घ्यावे? खर्च किती येईल?" हा प्रश्न मला आजवर पुष्कळांनीं विचारला. परंतु "तळाशीं काय घालावें?" असें मात्र अद्यापि एकानेंही विचारलें नाहीं. तळ म्हणजे शोभेचा पदार्थ. दुकानदार देईल ती वाळू पसरली म्हणजे झालें, अशी बहुतेकांची समजूत दिसते. तीच समजूत एके काळीं माझीही होती, आणि तिची किंमत मीं नव्हे, तर दोन मुक्या जीवांनीं दिली. म्हणून या अंकांत केवळ तळाविषयींच लिहावें असें मनांत आलें.

माझें मत आरंभींच सांगून टाकतों. घरांत प्रवाळांची टांकी ठेवावयाची असेल तर तिच्या तळाशीं बारीक चुनखडी वाळूचा तीन ते पांच सेंटिमीटर जाडीचा थर असावा. याहून जाड नको, आणि भरड तर नकोच नको. आणि हा थर दर आठवड्यास आपल्या हातानें साफ करण्याची ज्या घराची तयारी नसेल, त्या घरानें अशी टांकी आणूंच नये. हें मत कित्येकांस कठोर वाटेल. तें कशावरून बनलें तें सांगतों.

प्रथम ही वाळू येते कोठून तें पाहूं. प्रवाळखडकांच्या समुद्रांतील पांढरी वाळू आपल्या नदीच्या वाळूसारखी डोंगर झिजून झालेली नसते. ती बहुतांशीं जिवंत प्राण्यांनीं व वनस्पतींनीं बनविलेली असते. पोपटमासा नांवाचा एक मासा आहे. त्याचे दांत एकत्र जुळून त्यांची पोपटासारखी चोंच झालेली असते. या चोंचीनें तो खडकावरील शेवाळ खरवडतो. शेवाळाबरोबर खडकाचा चुराही त्याच्या तोंडांत जातो, घशांतील दुसऱ्या दंतपंक्तीखालीं तो भरडला जातो, आणि शेवटीं बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. मालदीवमधील वक्कारू बेटाभोंवतीं मोजमाप करून संशोधकांनीं २०१५ मध्यें असें प्रसिद्ध केलें कीं, तेथें नव्यानें तयार होणाऱ्या वाळूपैकीं शेंकडा ८५ हून अधिक भाग या माशांच्या पोटांतून आलेला असतो. हलिमेडा नांवाचें चुना सांठविणारें एक हिरवें शेवाळ आहे. त्याच्या चकत्या आणि फुटके शिंपले यांचीही तींत भर पडते. बहामा बेटांच्या उथळ, उबदार पाण्यांत तर चुना पाण्यांतूनच निघून कणांभोंवतीं थरावर थर बसतो, आणि माशाच्या अंड्यांसारखे गोल, गुळगुळीत कण बनतात. अशी वाळू पिशव्यांत भरून देशोदेशींच्या दुकानांत विकावयास येते.

या सर्व वाळूंचें द्रव्य एकच, कॅल्शियम कार्बोनेट. संगमरवराचें व शिंपल्याचें जें द्रव्य तेंच. त्याच्या ज्या स्फटिकरूपाचीं प्रवाळें बनतात त्यास अॅरॅगोनाइट म्हणतात. ही वाळू ओळखण्याची परीक्षा कोणताही विद्यार्थी स्वयंपाकघरांत करूं शकेल. चिमूटभर वाळू बशींत घेऊन तीवर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकावे. चुनखडी वाळू असेल तर बुडबुडे येतात. गारेची वाळू असेल तर कांहींच होत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, आम्हीं कोंकणचे. आमच्या दाराशींच समुद्र असतां वाळू विकत कां घ्यावी? याचें उत्तर स्पष्ट आहे. आपल्या किनाऱ्याची वाळू सामान्यतः गारेचे कण, सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा चुरा आणि शिंपल्यांचे तुकडे यांचें मिश्रण असते. रत्नागिरीपासून मालवणपर्यंत कित्येक ठिकाणीं तींत लोह व टायटॅनियम असलेले काळे कण सांपडतात, त्यांपैकीं कांहीं तर चुंबकास चिकटतात. शिवाय ओढ्यानाल्यांतून आलेली घाण आणि होड्यांचें तेल तींत मुरलेलें असतें तें वेगळेंच. मोकळ्या समुद्रांत भरतीओहोटी सर्व धुऊन नेते. दीडदोनशें लिटरच्या टांकींत तें जाणार कोठें? आणि किनाऱ्यावरील वाळू उपसण्यास किनारा-नियमनाची मनाईही आहे. तेव्हां हा मार्ग सोडून द्यावा हेंच बरें.

आतां या वाळूचें टांकींत काम काय? माशांची विष्ठा व उरलेलें अन्न कुजून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो, आणि तो माशांस विषासमान असतो. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की नांवाच्या रशियन शास्त्रज्ञानें असें दाखवून दिलें कीं, मातींतील कांहीं सूक्ष्म जंतु अमोनियाचा नायट्राइट करितात व दुसरे कांहीं त्या नायट्राइटचा नायट्रेट करितात. हेंच कार्य टांकींत चालतें. हे जंतु पाण्यांत तरंगत रहात नाहींत. त्यांस चिकटण्यास जागा लागते, आणि ती जागा खडकाचीं छिद्रें व वाळूचे कण त्यांस देतात. किती जागा? आमच्या टांकीचा तळ ९० सेंटिमीटर लांब व ४५ रुंद आहे. त्यावर ४ सेंटिमीटर थर घातला तर १६ लिटरांहून थोडी अधिक वाळू होते. एक मिलिमीटर व्यासाचे कण गोल मानून नववीच्या मुलांनीं गणित केलें, तेव्हां त्या सर्व कणांच्या पृष्ठभागाची बेरीज सुमारें ५८ चौरस मीटर आली. म्हणजे आठ मीटर लांब व सहा मीटर रुंद अशा वर्गखोलीच्या फरशीहून अधिक! एवढ्या विस्तृत भूमीवर जंतूंची वस्ती असते. डोळ्यांस मात्र नुसती पांढरी वाळू दिसते.

परंतु थर जसजसा जाड होतो तसतशी खालच्या भागाची प्रकृति पालटत जाते. वरच्या थरांत प्राणवायु मिळतो. त्याखालीं तो संपत जातो, आणि तेथें दुसऱ्या जातीचे जंतु नायट्रेट फोडून त्यांतील नायट्रोजन वायु मोकळा करितात. हें कार्य उपकारकच आहे. मात्र त्याहूनही खालीं, घाण सांठून राहिली असेल तर, गंधकाचा दुर्गंधी वायु, हायड्रोजन सल्फाइड, तयार होतो. कांचेंतून पाहिलें असतां तेथें काळे डाग दिसतात, आणि ते उकरले तर सडक्या अंड्यांचा वास येतो. हा वायु थोडाही पाण्यांत मिसळला तरी माशांस घातक ठरतो.

हें सर्व मीं वाचलें तें दोन मासे गेल्यानंतर. टांकी शाळेस भेट मिळाली तेव्हां मीं मोठ्या उत्साहानें भरड प्रवाळचुरा आणून त्याचा दहा सेंटिमीटर जाडीचा थर पसरला. दाणा हरभऱ्याच्या डाळीएवढा होता. थर जितका जाड तितके जंतु अधिक, एवढें अर्धवट ज्ञान माझ्यापाशीं होतें. पहिले सातआठ महिने सर्व कांहीं सुरळीत चाललें. परंतु भरड दाण्यांच्या फटींतून अन्नाचे कण खालीं उतरत होते आणि तेथेंच कुजत होते. नायट्रेटचें प्रमाण लिटरमागें ५ मिलिग्रॅमवरून हळूहळू ८० वर गेलें. खडकावर शेवाळ माजलें. तेव्हां दिवाळीची सुटी लागण्याच्या आदल्या दिवशीं एका दुपारींच सर्व टांकी स्वच्छ करून टाकावी असा निश्चय मीं केला, आणि लांकडी पट्टीनें सर्व तळ ढवळून काढला. पाणी दुधासारखें पांढरें झालें. खोलींत दुर्गंधि सुटली. रात्रींतून गाळ खालीं बसेल अशा समजुतीनें मी घरीं गेलों.

सातवींतील एका मुलीकडे टांकीच्या उष्णमानाची रोजची नोंद ठेवण्याचें काम होतें. सुटी असूनही ती सकाळीं आपल्या कामावर आली. मी पोंचलों तेव्हां ती नोंदवही छातीशीं धरून टांकीसमोर उभी होती. दोन्ही मासे कुशीवर पडले होते. तिनें मला एवढेंच विचारलें, "सर, आपण तर टांकी स्वच्छच केली होती ना?" त्या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं मला देतां आलें नाहीं. आज देतां येतें. ती स्वच्छता नव्हती. वर्षभराचा आळस एका दुपारीं झांकण्याचा तो प्रयत्न होता. सांठलेली घाण एकदम पाण्यांत उधळली, तिच्या कुजण्यानें पाण्यांतील प्राणवायु खर्ची पडला, आणि तळांतील विषारी वायु वर आला. दोष वाळूचा नव्हता, माशांचा तर नव्हताच.

प्रवाळपालनाच्या क्षेत्रांत तळाविषयीं तीन पंथ आहेत, आणि तिन्ही पंथांत जाणते लोक आहेत. पहिला पंथ उघड्या तळाचा. गेल्या शतकाच्या आठव्या व नवव्या दशकांत जर्मनींतील बर्लिन येथील हौशी लोकांनीं जिवंत खडक, फेसाबरोबर घाण बाहेर काढणारें यंत्र व पाण्याचा जोराचा प्रवाह यांवर भर देणारी पद्धति रूढ केली, आणि पुष्कळांनीं तींत वाळू मुळींच घातली नाहीं, किंवा नांवापुरती घातली. दुसरा पंथ जाड थराचा. मोनॅको येथें काम करणारे प्राध्यापक झाँ जोबेर यांनीं तळाशीं पाण्याची एक पोकळी राखून तीवर वाळूचा जाड थर देण्याची योजना केली. आणि पुढें अमेरिकेंत रॉनल्ड शिमेक या प्राणिशास्त्रज्ञानें बारीक वाळूचा दहा सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक जाडीचा, किड्याकृमींनीं गजबजलेला थर पुरस्कारिला. तिसरा पंथ पातळ थराचा. माझें मत त्या बाजूचें आहे.

जाड थर शास्त्रदृष्ट्या खोटा नाहीं. परंतु तो तज्ज्ञांचा मार्ग आहे. त्यांतील कृमींची वस्ती टिकली पाहिजे, वर उकरणारे मासे असतां कामा नयेत, आणि वर्षानुवर्षें त्यास धक्का लागतां कामा नये. मुलाबाळांच्या घरांत, जेथें दरवर्षी नाहीं तरी पांचसात वर्षांनीं बिऱ्हाड हलतें, जेथें हात घालण्याचा मोह धाकट्यांस आवरत नाहीं, तेथें असा थर म्हणजे तळघरांत सांठविलेली दारू होय. सर्व कांहीं ठीक असेपर्यंत ठीक.

उघड्या तळाचे पुरस्कर्ते म्हणतात कीं, वाळूच नसेल तर घाण सांठणार कोठें? या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि नव्या माशास कांहीं आठवडे वेगळें ठेवावयाचें असतें त्या टांकीस तर उघडा तळच योग्य. परंतु घरांतील मुख्य टांकीविषयीं माझी अडचण निराळी आहे. आपण समुद्राचा एक तुकडा मुलांसमोर ठेवूं पाहतों. कांहीं जातींचे रास मासे रात्रीं वाळूंत शिरून निजतात. वाळू न मिळाली तर ते अस्वस्थ होऊन कांचेवर अंग आपटतात. गोबी नांवाचा मासा व चुटकीसारखा आवाज काढणारी एक कोळंबी यांची तर मैत्रीच वाळूवर उभी आहे. कोळंबीची दृष्टि अधू. ती बीळ खणते आणि आपली एक मिशी माशाच्या अंगास लावून ठेवते. मासा दाराशीं पहारा करितो, आणि शत्रु दिसतांच शेपटी हलवून तिला सूचना देतो. हें पाहिलेला मुलगा तें जन्मभर विसरणार नाहीं. नुसत्या कांचेवर हें घडावयाचें नाहीं.

म्हणून पातळ थर. आतां निवडीविषयीं. दाणा एक ते दोन मिलिमीटरांचा असावा. पिठीसाखरेसारखी वाळू प्रवाहानें उडून प्रवाळांवर बसते व त्यांचा श्वास कोंडते. तीन मिलिमीटरांहून मोठा दाणा घाण पोटांत घेतो. वर सांगितलेल्या आमच्या तळास २२ ते २५ किलो कोरडी वाळू पुरते. ती बादलींत घेऊन, पाणी स्वच्छ निघेपर्यंत, पुनः पुनः धुवावी. दुकानदार कधीं कधीं सांगतात कीं, ही वाळू घातली म्हणजे पाण्यांतील चुन्याची काळजी करावयास नको, ती आपोआप विरघळून कमतरता भरून काढते. हें खरें नाहीं. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या वर असतो, आणि अशा पाण्यांत अॅरॅगोनाइट आधींच भरपूर असल्यामुळें वाळू विरघळत नाहीं. विरघळलीच तर तळाच्या आंत, जेथें पाणी आम्लधर्मी होतें तेथें थोडीशी. प्रवाळें वाढूं लागलीं म्हणजे त्यांना लागणारा चुना निराळाच द्यावा लागतो. पाण्यांत कॅल्शियम लिटरमागें ४०० ते ४५० मिलिग्रॅम आहे कीं नाहीं हें मोजून पाहिल्याशिवाय कोणाच्या शब्दावर विसंबूं नये.

मांडणीचा एक नियम मात्र कधींही मोडूं नये. खडक प्रथम, वाळू मागाहून. खडक थेट कांचेच्या तळावर, किंवा कांचेवर पातळ पत्रा अंथरून त्यावर, भक्कम बसवावे आणि मग भोंवतीं वाळू घालावी. वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. येथें तो अक्षरशः खरा ठरतो. एखादा उकरणारा मासा खडकाखालची वाळू काढून नेतो, आणि एका रात्रीं चार किलोचा दगड कांचेवर कोसळतो.

यानंतर पाणी भरावें, आणि थांबावें. चार ते सहा आठवडे टांकींत मासा सोडूं नये. या काळांत जंतूंची वस्ती होते. अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही शून्यावर आलीं म्हणजे पहिला जीव आणावा. वाळूवर प्रथम तपकिरी रंगाचा लेप चढतो. तो एकपेशीय शेवाळाचा असतो आणि बहुधा कांहीं आठवड्यांत आपोआप जातो. त्यास भिऊन सर्व वाळू उपसून टाकणारे लोक मीं पाहिले आहेत.

निगा अशी राखावी. दर आठवड्यास टांकीचें दहावा हिस्सा पाणी बदलावयाचें असतेंच. तें काढतांना वक्रनळीचें रुंद तोंड वाळूंत खुपसून घाण ओढून घ्यावी. परंतु एका वेळीं तळाचा चौथा भागच साफ करावा. म्हणजे महिन्यांत सर्व तळ एकदां साफ होतो, आणि जंतूंची वस्ती कधींही एकदम उध्वस्त होत नाहीं. अन्न दोन मिनिटांत संपेल तेवढेंच टाकावें. बहुतेक तळ अन्नाच्या अतिरेकानेंच बिघडतात. वाळूंत राहणारे नासारियस जातीचे पांचसहा शंख ठेवावे. अन्नाचा वास येतांच ते वर येतात व त्यांच्या येण्याजाण्यानें वरचा थर मोकळा राहतो. वाळू चाळणारा तारामासा पुष्कळजण घेतात, परंतु लहान टांकींत त्याचें अन्न लवकरच संपतें आणि तो उपासानें मरतो. तो आणूं नये. चुना वाढविणारीं द्रव्यें एकदम ओतूं नयेत; त्यानें वाळूचे गोळे बनून ती दगडासारखी घट्ट होते. जुना तळ काढून टाकावयाचा असेल तर थोडाथोडा, कांहीं आठवड्यांत काढावा. आणि बिऱ्हाड बदलतांना जुनी वाळू न धुतां पुनः कधींही वापरूं नये.

आतां एक गोष्ट तळाच्याही तळाशीं आहे, ती सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें भारतांत खडक बांधणाऱ्या सर्व जातींच्या प्रवाळांस, समुद्रपंख्यांस व समुद्रकाकडीच्या सर्व जातींस २००१ मध्यें उच्चतम संरक्षण देण्यांत आलें. आपल्या समुद्रांतून प्रवाळ, मग तें जिवंत असो वा मेलेलें, उचलून आणणें हा गुन्हा आहे. मालवणच्या समुद्रांतही प्रवाळें आहेत, आणि तेथें १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सहलीस गेलेल्या मुलांनीं तेथून "एकच लहानसा तुकडा" आणला तर काय बिघडलें, असें पालकांनीं म्हणूं नये. १९९८ मध्यें समुद्राचें पाणी तापून लक्षद्वीप व मन्नारचें आखात येथील प्रवाळें मोठ्या प्रमाणावर पांढरीं पडलीं व मेलीं. जें आधींच संकटांत आहे त्याचें घर आपण आपल्या दिवाणखान्याच्या शोभेसाठीं फोडावयाचें नाहीं. टांकींत ठेवावयाचीं मऊ प्रवाळें टांकींतच वाढविलेल्या कलमांचीं असावीं व त्यांची पावती असावी. मासेही संवर्धनगृहांत जन्मलेले घ्यावे. केन्द्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें मंडपम् व विळिंजम येथें विदूषकमाशांची पैदास यशस्वी करून दाखविली आहे. तेव्हां या माशासाठीं तरी समुद्र लुटण्याची गरज नाहीं. ज्या दुकानांत "हें कोठून आणलें?" या प्रश्नास सरळ उत्तर मिळत नाहीं, तेथून रिकाम्या हातानें परत यावें.

पालकांपैकीं कित्येकजण विचारतील, एवढा खटाटोप जर आहे, तर मुलांस या नादास लावावेंच कां? प्रश्न रास्त आहे, आणि कित्येक घरांस मीं स्वतः "नको" असाच सल्ला दिला आहे. उन्हाळ्यांत पाणी २५–२६ अंशांवर राखावयाचें म्हणजे थंड करणारें यंत्र हवें. वीज गेली तर प्राणवायूची सोय हवी. वाढदिवसाची भेट म्हणून ही टांकी देणें हें, माझ्या मतें, चूक आहे. खेळणें कंटाळा आला म्हणजे माळ्यावर टाकतां येतें. ही टाकतां येत नाहीं. लंडनमध्यें १८४६ सालीं ॲना थिन नांवाच्या बाईनें इंग्लंडच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळें घरीं आणलीं आणि तीं जवळजवळ तीन वर्षें जगविलीं. त्या काळीं हवा सोडणारीं यंत्रें नव्हतीं. त्यांच्या घरची मोलकरीण रोज खिडकीशीं उभी राहून समुद्राचें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत असे, त्यायोगें पाण्यांत हवा मिसळे. त्या बाईचें नांव इतिहासांत राहिलें, मोलकरणीचें राहिलें नाहीं. पण प्रवाळें जगलीं तीं तिच्या हातांनीं. आपल्या घरीं ते हात कोणाचे असणार, हें टांकी आणण्यापूर्वीं ठरलें पाहिजे. मुलानें हौस करावयाची आणि आईनें दर रविवारीं तळ उपसावयाचा, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.

परंतु जेथें मुलगा किंवा मुलगी हें काम खरोखर अंगावर घेते, तेथें त्यापासून होणारा लाभ लहान नाहीं. शोभा वर दिसते आणि जीवन खालीं चालतें, हें त्यांस पुस्तकांतून नव्हे, तर आपल्या हातांस लागलेल्या गाळांतून समजतें. आठवड्याचें काम आठवड्यास केलें तर तें पंधरा मिनिटांचें असतें. वर्षभर टाळलें तर तें कोणाच्या तरी जिवावर येतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं सर्व पुस्तक ढवळणाऱ्या विद्यार्थ्यांस याहून अधिक कांहीं सांगण्याची आवश्यकता मला वाटत नाहीं.

ती नोंदवही अजून विज्ञानखोलींत आहे. त्या सकाळच्या पानावर उष्णमान नेहमींप्रमाणें नोंदलेलें आहे, २६ अंश. आणि त्यापुढें तिच्याच अक्षरांत "दोन्ही मासे गेले" एवढेंच लिहिलें आहे. पुढील पानापासून तिनें एक नवा रकाना पाडला: "तळाचा कोणता भाग साफ केला." आज ती वरच्या वर्गांत आहे आणि तो रकाना दुसरी मुलें भरीत आहेत, आजवर एकही आठवडा कोरा राहिलेला नाहीं. पुढील पालकसभेस ज्या पालकांच्या मनांत टांकी घेण्याचें असेल त्यांनीं प्रथम ती वही पाहावी, आणि मग माशांविषयीं विचारावें.